अनुसूचित रेषेबाहेरची शाळा

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी हे गाव सहानगडाच्या किल्ल्यामुळे परिचित आहे. या तालुक्यात गोंड समाजाची वस्ती जुनी. तरीही भंडारा जिल्ह्याचा कोणताही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडत नाही. गडचिरोलीतील मोठ्या भूभागाला जे संरक्षण मिळते, ते वैनगंगेच्या याच खोऱ्यातील सानगडीच्या आदिवासी मुलाला मिळत नाही. नकाशावरील ही रेषा शाळेच्या फळ्यापर्यंत येऊन पोहोचते.

९ जून २०१४ रोजी राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रातील शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक आदी पदे स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवली. मुलाची भाषा आणि जीवन जाणणारा माणूस शाळेत असावा, हा त्यामागील न्याय होता. पुढे २२ एप्रिल २०२० रोजी आंध्र प्रदेशच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकपदांचे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरविले. महाराष्ट्रातील भरतीही न्यायालयीन वादात अडकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्षांनाच या भरतीसाठी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घ्यावी लागली. जेथे संरक्षण आहे तेथे ही गत. मग रेषेबाहेरच्या गावांची वास्तपुस्त कोण घेणार?

राज्यात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या ९ टक्क्यांहून अधिक आहे. या अपुऱ्या वाट्यातही खोट्या दाखल्यांनी शिरकाव केला. असे दाखले अवैध ठरलेल्यांच्या नोकरीस संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी स्पष्ट केले. शासनाने मात्र २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने त्यांच्यासाठी ‘अधिसंख्य पदे’ निर्माण केली. रिकाम्या झालेल्या जागा खऱ्या हक्कदारांना देण्याचे आश्वासन तेवढे लांबत गेले.

परंतु केवळ जागा भरल्या म्हणजे शिक्षणाचा प्रश्न सुटत नाही. संविधानाचे ३५०-अ हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावयास सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, शक्य तेथवर, तेच सांगतो. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख नोंदले गेले, तरीही गोंडीला आठव्या अनुसूचीत स्थान नाही. गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतः उभारली, तेव्हा शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरविले. शासन स्वतः शाळा देत नाही आणि लोकांनी काढलेली शाळा मानीत नाही!

भंडाऱ्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. येथील अनेक गोंड कुटुंबांत आज झाडीबोलीच बोलली जाते. म्हणून शिक्षकाला मुलाच्या घरची बोली तर कळलीच पाहिजे. शिवाय देवगडच्या गोंड राजाने नागपूर वसविले, कचारगडची यात्रा हा एका समाजाचा श्रद्धेचा ठेवा आहे, हेही त्याला ठाऊक असले पाहिजे. हे ज्ञान एखाद्या दिवसाच्या शिबिरात उरकण्याजोगे नाही. ते अध्यापक-पदविकेच्या अभ्यासक्रमात हवे, आणि शिकविणारे त्या समाजातीलच जाणते स्त्री-पुरुष हवेत. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मुलाने शाळेसारखे व्हावे, अशी अट त्यांनी घातली नाही.

यावर आक्षेप येईल की, बिगर-आदिवासी पदविकाधारक तरुणही बेकारच आहेत. ते खरे आहे. परंतु त्यांची बेकारी आदिवासींनी आणलेली नाही. ती पदे रिक्त ठेवणाऱ्या आणि कंत्राटी नेमणुकांवर भागविणाऱ्या धोरणाने आणली आहे. दोन वंचितांना एकाच जागेसाठी झुंजविणे हा प्रस्थापितांचा जुना डाव आहे. बोलीच्या ज्ञानाला भरतीत गुण द्यावेत. ते ज्याला येते तो कोणत्याही जातीचा असो, पुढे येईल, आणि स्थानिक आदिवासी तरुणाचे आजवर मातीमोल ठरलेले ज्ञान पात्रता ठरेल.

कार्यकर्त्यांनी मोर्चाची वाट पाहू नये. प्रत्येक पंचायत समितीकडून राखीव शिक्षकपदे किती, भरलेली किती, रिक्त किती, ही माहिती माहिती-अधिकारात मागवावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. सानगडीसारख्या गावात ते आकडे एकदा मोठ्याने वाचले गेले की, उत्तर देण्याची पाळी शासनाची असेल.