फॉर्मॅट मारावा लागेल!

डॉक्टर, वकील आणि कॉम्प्युटरवाला यांच्यापुढे शहाण्याने तोंड उघडू नये म्हणतात. मी उघडणार आहे. डॉक्टर निदान नाडी तरी बघतो हो! कॉम्प्युटरवाला झाकणाला हात लावायच्या आत सांगतो, "काका, फॉर्मॅट मारावा लागेल."

आमचं गाव पोशेरा, तालुका मोखाडा. 2014 च्या 1 ऑगस्टला आमचा जिल्हा ठाण्याचा पालघर झाला. पण त्यासाठी गाव पुसून पुन्हा वसवावं लागलं नाही. एवढी अक्कल सरकारलाही असते.

तर मशीन बिघडलं की ते मांडीवर घेऊन एसटीत बसायचं, ही आमच्याकडची रीत. ("याचं हाफ का फुल, गुरुजी?" इति कंडक्टर.) जागा पुरेना म्हणून मी जुन्या हार्ड डिस्कशेजारी नवी बसवली, आणि पडद्यावर पाटी आली की सुरू करण्याजोगं काही सापडत नाही. गेलो शहरात. दुकानातल्या पोराने "विंडोज उडाली" असं जाहीर केलं, फॉर्मॅट मारला, पैसे घेतले. मशीन लखलखीत सुरू झालं. रिकामं! त्यात आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई तोवर गेली होती.

"बॅकअप घ्यायचा होता ना, काका!"

अरे बाबा, नवी डिस्क मग कशाला आणली होती?

विंडोज उडायला ती काय चिमणी आहे? मशीन सुरू होताना आतला बायोस नावाचा कारकून यादीप्रमाणे एकेका डिस्कचं दार ठोठावतो. नवी डिस्क आली की पुष्कळदा तिचंच नाव वर चढतं. कालच्या सुनेच्या कमरेला तिजोरीच्या चाव्या! ती बिचारी कोरी, काय देणार? कारकून बोंब मारतो. जुनीचं नाव वर घ्या, मिटलं. नाहीतर घुसवाघुसवीत वायर ढिली झालेली असते. जुन्या रुंद पट्टीच्या डिस्कांना तर जंपर नावाची टिचभर टोपी असे; एकीला मालक, दुसरीला गुलाम नेमलं नाही की दोघी रुसत. पारख अगदी सोपी. नवी काढून बघा. मशीन चाललं, तर जुनी ठणठणीत आहे. चहा निवायच्या आत होणारं काम!

पण यादी बघायला विचार लागतो, फॉर्मॅटला नुसती सीडी लागते. व्हायरसने पोखरलेल्या मशीनला फॉर्मॅट हवा, कबूल. पडसं झालेल्यालाही भूल देऊन फाडायचं का? आणि घाईचा फॉर्मॅट म्हणजे नुसती अनुक्रमणिका फाडणं. मजकूर बराचसा आत तसाच असतो. त्यावर नवी विंडोज ओतली की तो जातो. म्हणजे दुकानात मी पाकिटातले पैसे मोजत होतो, तेव्हा ओव्या कदाचित अजून आत होत्या. हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या पावसाळ्यात शेजारी गोणीत मशीन बांधून एसटीकडे निघालेला दिसला.

"कुठे रे?"

"पोरीने नवी डिस्क घातली न बंद पडलं, गुरुजी. फॉर्मेट मारून आणतो."

मी रस्त्यात आडवा झालो. घरी आणलं, डिलीटचं बटण दाबत बायोसात शिरलो, दोन नावं खालीवर केली. पोरीचे फोटो, प्रोजेक्ट, सगळं जागच्या जागी!

गोणी अजून माझ्याकडेच आहे. मागायला आला तरी देणार नाही.