हाक बाहेर आली पाहिजे

गेल्या एप्रिलमधील गोष्ट. माझ्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त शिक्षक. वय 74, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी रोज सुरू. पत्नीला येणाऱ्या जात्यावरच्या ओव्या आणि आपल्या बालपणीच्या आठवणी परगावच्या नातवंडांसाठी ध्वनिमुद्रित कराव्यात, असे त्यांनी मनावर घेतले. परसातील अडगळीची पत्र्याची खोली रिकामी केली, भिंतींना फोम चिकटवला, एकुलती एक खिडकी प्लायवूडने बंद केली. रिक्षांचा आवाज थांबला. त्याबरोबर वाराही थांबला. एका दुपारी सूनबाई चहा घेऊन गेल्या, तर दाराला आतून कडी. शेजाऱ्यांनी ती उचकटली. सर खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसले होते, घामाने चिंब. दोनदा त्यांनी हाक मारली होती, पण ती भिंतीबाहेर गेलीच नव्हती.

वेळीच सलाईन मिळाल्याने ते सावरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टर, हा नाद सोडू का?’’ मी म्हणालो, ‘‘नाद सोडू नका सर, कडी काढून टाका.’’

निवृत्तीनंतर मन गुंतवणारे असे काम औषधाइतकेच मोलाचे असते. मात्र ज्या फटीतून आवाज शिरतो, त्याच फटीतून हवाही येते. ध्वनिमुद्रणाची खोली करताना हे सूत्र विसरू नये.

काम सुरू करण्यापूर्वी छत पाहावे. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. त्यांना भोके पाडू नयेत, ते कापू किंवा घासू नयेत. त्यांच्या सूक्ष्म तंतूंमुळे होणारे फुप्फुसाचे आजार काही दशकांनी डोके वर काढतात. उंदरांचा वावर असलेली अडगळ कोरड्या केरसुणीने झाडू नये. जंतुनाशक पाणी शिंपडून, हातमोजे व मास्क लावून ती पुसून काढावी. भिंतीला ओल असेल तर आधी गळती थांबवावी. ओलीवर कापड ताणले की आत बुरशी धरते आणि दमेकऱ्याचा खोकला बळावतो.

भिंती मढवण्यासाठी फोम टाळलेलाच बरा. तो झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अंड्यांचे ट्रे बाहेरचा आवाज अडवत नाहीत. घरातील जाड गोधड्या, सतरंज्या आणि पडदे खोलीतील घुमारा पुरेसा कमी करतात. फक्त ते वीजबोर्डापासून दूर टांगावेत आणि अधूनमधून उन्हात टाकावेत.

बंद खोलीत श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड साचतो. डोके जड होते, झापड येते. म्हणून खिडकी कायमची बंद करू नये. वीस मिनिटे मुद्रण, मग दार-खिडकी उघडून दहा मिनिटे पंखा, असा क्रम ठेवावा. वाढत्या वयात तहान कमी जाणवते आणि घामही कमी येतो. त्यामुळे उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी बसूच नये. पहाटेची वेळ शांतही असते आणि थंडही.

विजेसाठी अर्थिंग तपासून घ्यावे आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. तारा पायवाटेत न सोडता भिंतीकडेने न्याव्यात. या वयात पडून मोडलेले खुब्याचे हाड सारे घर अंथरुणाला बांधते.

हेडफोनचा आवाज बेताचा असावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. घशासाठी कोमट पाण्याचे घोट घ्यावेत, वारंवार खाकरू नये. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

आता काळजी घेणाऱ्यांसाठी. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. आत उघडणाऱ्या दाराला टेकून कोणी पडले तर ते ढकलता येत नाही. आतून कडी नको, दाराला काचेची झडप हवी. हाताशी, जमिनीवरूनही ओढता येईल अशा दोरीची घंटा असावी आणि ती स्वयंपाकघरात वाजावी. उन्हाने ग्लानी आल्यास सावलीत आडवे करावे, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा. शुद्ध नीट असेल तरच घोटघोट पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपली, तर तोंडाने काही न देता त्वरित 108 क्रमांकावर फोन करावा.

सर आता सकाळी सहाला मुद्रण करतात. खिडकी किलकिली असते, त्यामुळे ओव्यांमध्ये मधूनच कोकिळा ऐकू येते. नातवंडांची त्याबद्दल तक्रार नाही. उलट आजीच्या परसाचा आवाजही त्यांना मिळाला.