कॅमेरा धरणाऱ्या हातांनी खेळायचं नाही का?



आमच्या वडगाव मावळचा एक तरुण मित्र चळवळीचे फोटो काढतो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तिथला वर्धापन दिन असो, मोर्चा असो की अन्यायग्रस्त कुटुंबाची भेट, कॅमेरा याचाच. हाच मित्र सुट्टीला लोकलने पुण्याला जाऊन फायटिंग गेमच्या स्पर्धाही खेळतो. परवा बैठकीत एका ज्येष्ठांनी त्याला सर्वांदेखत सुनावले, "समाजावर अत्याचार होतायत आणि तुम्ही बटणं दाबत बसलाय!" तो गप्प बसला. आम्हीही गप्प बसलो. ते आमचं चुकलं.

आता प्रश्न असा की, खेळणं म्हणजे चळवळीशी गद्दारी आहे का?

पुण्याचे पळवणकर बाळू आठवा. चर्मकार समाजातले हे गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले. त्याआधी पुण्यात हिंदू संघातले सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू हातात घेत, पण चहा मात्र त्यांना मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. त्यासाठी १९२३ साल उजाडावं लागलं आणि ते मिळालं धाकट्या विठ्ठलला. म्हणजे खेळ हा आपल्यासाठी कधीच नुसता टाइमपास नव्हता. आणि समजा असला, तरी काय बिघडलं? ज्यांच्या पिढ्या वेठबिगारीत गेल्या, त्यांच्या पोरांना रिकामा वेळ मिळणं हाही हक्कच आहे. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यांना कोणी विचारलं का, समाजाचं काय?

नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली व्हिडिओ गेमची दुकानं होती. 'मुस्तफा' आणि 'किंग ऑफ फायटर्स'वर एक रुपयाचं नाणं टाकायचं, हरला तो उठला. मशीन आडनाव विचारत नव्हतं. पण मान्य करू, तिथे आपल्या बहिणींना जागा नव्हती. ज्येष्ठांनी टीका करायचीच तर यावर करावी.

दुसरी गोष्ट फोटोंची. अकोल्याच्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं कॅमेऱ्यात आणलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. असे फोटो लागतातच, कारण व्यवस्था पुरावा मागते. पण आपल्या माणसांचा फोटो फक्त प्रेताशेजारी किंवा गटारातच निघावा का? जिंकल्यावर ओरडणारं आपलं पोरगं दिसायला नको? ते टिपायला खेळातला आनंद माहीत असणारा डोळा लागतो. तो आमच्या मित्राकडे आहे.

म्हणून ज्येष्ठांना विनंती, बैठकीला दांडी मारली तर जरूर जाब विचारा. खेळला म्हणून विचारू नका. आणि मित्रा, पुढच्या स्पर्धेला आम्ही येतोय. कॅमेरा आमच्याकडे दे, तू खेळ.

जय भीम!