नाबीना सवारी, सोबत कुत्रा

रत्नागिरीकडच्या एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा इंग्लंडात भाड्याची गाडी चालवतो. एका संध्याकाळी बुकिंग आलं म्हणून तो पत्त्यावर गेला, तर फुटपाथवर एक अंध बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी कुत्रा. मुलानं गाडी थांबवली नाही, तशीच पुढे नेली. बाईंनी तक्रार केली, लायसन्स देणाऱ्या कचेरीतून बोलावणं आलं, आणि मुलानं घरी फोन लावला. अम्मी आम्हाला विचारतात, "त्यानं रोजी सांभाळावी की पाकी?"

पत्र आम्ही दोनदा वाचलं. त्यात मुलगा आहे, त्याचा हप्ता आहे, लायसन्स आहे, नमाजाचे कपडे आहेत. गाडी निघून गेल्यावर त्या बाईंचं काय झालं, हे मात्र चार पानांत कुठेच नाही. अम्मींना दोष द्यायचा नाही; आईला आधी लेकाचीच काळजी वाटणार. पण उत्तर द्यायचं तर आम्हाला त्या बाईंपासूनच सुरुवात करावी लागेल.

आपल्याकडे अंध माणूस म्हटलं की पांढरी काठी डोळ्यांसमोर येते, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यावर ठेवलेला हात. वाटाड्या कुत्रा सहसा दिसत नाही. आपले फुटपाथ आणि त्यावरच्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पाहिल्या तर त्याचं नवलही वाटत नाही. म्हणून अनेकांना वाटतं, गोऱ्या लोकांची कुत्र्याची हौस, दुसरं काय. ही हौस नव्हे. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डनबर्ग इथे असे कुत्रे तयार करणारी शाळा निघाली. अमेरिकेत १९२९ मध्ये, तर इंग्लंडात १९३१ मध्ये हे काम सुरू झालं. पिल्लू पहिलं वर्षभर एखाद्या घरात वाढतं, माणसांत, गर्दीत, बसमध्ये वावरायला शिकतं. मग काही महिने खरी तालीम, मग ज्याच्यासोबत राहायचं त्याच्याबरोबर पुन्हा तालीम. कामाला लागतो तेव्हा कुत्रा साधारण दोन वर्षांचा असतो.

त्याचं काम काय, हेही नीट माहीत नसतं. कुत्र्याला रस्ता ठाऊक नसतो. सिग्नलचा लाल-हिरवाही त्याला कळत नाही. कुठे वळायचं हे माणूस सांगतो, रस्ता कधी ओलांडायचा हे गाड्यांच्या आवाजावरून माणूसच ठरवतो. कुत्रा फुटपाथच्या कडेला थांबतो, पायरीशी थांबतो, खड्डा आणि खांब चुकवून नेतो. काठी जमिनीवरचं सांगते; डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी काठीला लागत नाही. कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्याला एक ताठ दांडा असतो, तो हातात धरला की त्याचं वळणं-थांबणं माणसाला कळतं. आणि सगळ्यांत अवघड शिक्षण पुढेच आहे. माणसानं 'चल' म्हटलं आणि समोरून गाडी येत असली, तर कुत्र्यानं ऐकायचं नाही. हुकूम मोडायचा, जागचं हलायचं नाही. आम्ही वर्गात इतकी वर्षं शिस्त शिकवतो, पण कधी ऐकू नये हे शिकवणं आम्हाला अजून जमलेलं नाही.

असा कुत्रा सोबत असलेल्या माणसाला टॅक्सी नाकारली म्हणजे काय होतं? कुत्रा फुटपाथवर सोडून एकटं गाडीत बसणं हा पर्याय त्याच्यापुढे नसतोच. तुम्ही कुत्र्याला 'नाही' म्हणालात म्हणजे माणसालाच म्हणालात. हा नकार बहुतेक वेळा तोंडानं येतही नाही. गाडी जवळ येते, वेग कमी होतो, आणि निघून जाते. मोबाइलवरून बोलावलेली गाडी दारात येऊन बुकिंग रद्द होतं. फोनवर आधीच कुत्र्याबद्दल सांगितलं तर "सध्या गाडी नाही" असं उत्तर मिळतं. न सांगितलं तर दारात वाद. रोज घराबाहेर पडताना सांगायचं की नाही, हा विचार करावा लागतो. दवाखान्याची वेळ चुकते, मुलाखत चुकते, पावसात उभं राहावं लागतं.

त्यात आणखी एक कुचंबणा आहे. तक्रार करायची तर गाडीचा नंबर द्या, ड्रायव्हर कसा दिसत होता ते सांगा, असं विचारलं जातं. ज्याला दिसत नाही म्हणून कुत्रा लागतो, त्यानं नंबरप्लेट वाचायची कशी? ड्रायव्हर सहज म्हणू शकतो, मी त्यांना पाहिलंच नाही. अम्मींच्या मुलाच्या बाबतीत बुकिंगची नोंद होती म्हणून तक्रार टिकली. रस्त्यावर हात करून थांबवायची गाडी असती तर बहुधा काहीच झालं नसतं.

कायदा तिथे स्पष्ट आहे. १९९५ च्या कायद्यात ही तरतूद आली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१ पासून ती टॅक्सींना आणि २००४ पासून बुकिंगवर चालणाऱ्या खासगी गाड्यांना लागू झाली. आता ती २०१० च्या समानता कायद्यात आहे. कुत्रा न्यायचा, मालकाजवळच बसू द्यायचा, जादा पैसे घ्यायचे नाहीत. नाकारलं तर एक हजार पौंडांपर्यंत दंड, म्हणजे आपले लाखावर रुपये, शिवाय लायसन्सवर येतं ते वेगळं. ड्रायव्हरला दमा किंवा तसाच आजार असेल तर डॉक्टरी कारणावरून सूट मिळते, आणि सुटीचा दाखला गाडीत लावावा लागतो. धर्माच्या कारणावरून सूट नाही.

"मग आमच्या दीनचं काय?" असं अम्मी विचारतील. आम्ही शाळेत उर्दू-मराठी शिकवणारी माणसं, मुफ्ती नव्हे. अंतिम मसअला आपल्या भागातल्या आलिमांनाच विचारावा. पण जे किताबांत उघड आहे ते सांगायला हरकत नाही. मालिकी मजहबात कुत्रा मुळात पाक मानला जातो. हनफींकडे त्याची लाळ नापाक, पण कोरडं अंग लागलं म्हणून कपडा नापाक होत नाही. आपल्या कोकणातले बहुतेक लोक शाफई, आणि सर्वांत कडक हुकूम शाफईंचाच: ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचं, त्यांपैकी एकदा मातीनं. पण शाफईंकडेही कोरड्या अंगाचा कोरड्या कपड्याला स्पर्श झाला तर नापाकी लागत नाही. म्हणजे सर्वांत कडक मजहब धरला तरी प्रश्न पाण्याचा आणि धुण्याचा आहे. अमुक माणसाला गाडीत घेऊ नका, असा हुकूम यातून कुठून निघाला?

कुत्रा ठेवण्याबद्दल हदीसमध्ये ताकीद आहे, हे खरंच. त्याच हदीसमध्ये शिकारीचा, गुरं राखणारा आणि शेताचा कुत्रा वगळलेला आहे, आणि अंधाचा वाटाड्या याच गरजेच्या रांगेत बसतो असं आजच्या अनेक आलिमांचं मत आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरानं धरून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. शिवाय या मुलाला कुत्रा पाळायचा नाही, वीस मिनिटं गाडीतून न्यायचा आहे.

इंग्लंडात पाऊस फार, आणि ओला कुत्रा ही शाफई ड्रायव्हरची खरी अडचण आहे, ती आम्ही उडवून लावत नाही. पण तिच्यावर इलाज आहे. हे कुत्रे सीटवर चढत नाहीत, मालकाच्या पायाशी खाली बसतात. तसंच शिकवलेलं असतं. तिथे रबरी मॅट टाकावी, डिकीत एक जुनी चादर ठेवावी. भाडं संपलं की मॅट काढायची, घरी धुवायची. ड्रायव्हरच्या कपड्यांना काही लागायचं कारण नाही, आणि लागलंच तर दुसरा जोड गाडीत असू द्यावा. आमच्या ओळखीचे मासळीवाले दुपारच्या नमाजाला कपडे बदलूनच मशिदीत येतात. धंदा बंद करायची गोष्ट कुणी काढत नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी मुलाला कळवा. गाडी लागल्यावर खाली उतरून आपलं नाव सांगावं, कारण समोर कोणती गाडी उभी आहे हे सवारीला दिसत नाही. दंड धरून ओढू नये. कोणत्या बाजूनं बसणार ते विचारावं, दाराच्या मुठीवर हात ठेवायला मदत करावी. कुत्र्याला चुचकारायचं नाही, खायला द्यायचं नाही, तो कामावर आहे. उतरताना फुटपाथ कोणत्या बाजूला आहे ते सांगावं. यात कुत्र्याला हात लावायची वेळ एकदाही येत नाही, हे अम्मींच्या लक्षात आलं असेल.

एक गोष्ट आपल्या बाजूनंही बोलायला हवी. तिकडच्या वर्तमानपत्रांत अशी बातमी आली की ड्रायव्हर मुसलमान असल्याचं ठळक छापलं जातं. हॉटेलं, दुकानं, खाणावळीही अशा लोकांना दारातून परत पाठवतात; केस गळतात, कुणाला तरी अ‍ॅलर्जी असेल, गालिचा नवा आहे, ही तिथली कारणं. त्यांचा धर्म कुणी छापत नाही. अमेरिकेत मिनियापोलिसच्या विमानतळावर सोमाली ड्रायव्हरांचा वाद गाजला, तो मुख्यतः दारूच्या बाटल्या घेतलेल्या प्रवाशांबद्दल होता. कुत्र्यांचा विषय त्यात जोडला गेला. २००७ मध्ये तिथल्या विमानतळ आयोगानं नियम केला: सवारी पहिल्यांदा नाकारली तर तीस दिवस परवाना बंद, दुसऱ्यांदा नाकारली तर दोन वर्षांसाठी रद्द. दारू आणि कुत्रा एका पारड्यात घालणं आम्हाला पटत नाही. बाटली माणूस हौसेनं घेतो. डोळे कुणी हौसेनं घालवत नाही.

पण वर्तमानपत्रं अन्याय करतात म्हणून फुटपाथवरच्या बाई घरी पोचत नाहीत. आणि नाकारलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मोठ्या शहरात भाड्याचं घर शोधायला गेलेल्या कुठल्याही मुस्लिम कुटुंबाला विचारा. आम्ही स्वतः एका शहरात बदली झाल्यावर महिनाभर फिरलो. फोनवर घर रिकामं असायचं; नाव सांगितलं की कालच दिलेलं असायचं. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. "आम्हाला काही नाही हो, सोसायटीला चालत नाही," असं एक गृहस्थ चहा देऊन म्हणाले. इंग्लंडातल्या खाणावळीचा मालक कुत्रा घेऊन आलेल्या अंध गिऱ्हाइकाला म्हणतो, "आम्हाला काही नाही, इतर गिऱ्हाइकांना त्रास होतो." वाक्य तेच आहे. वेग कमी करून निघून जाणारी टॅक्सी आणि फोनवर रिकामं असलेलं घर यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही.

सूरह अबस ज्यांच्यामुळे उतरली ते हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. कुरैशच्या सरदारांशी बोलणं चालू असताना ते आले, तेव्हा त्यांच्याकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल खुद्द प्रेषितांना (स.) अल्लाहनं टोकलं. पुढे ते मदिनेत अजान देत, आणि प्रेषित (स.) बाहेरगावी असताना अनेकदा मदिनेची जबाबदारी त्यांच्याकडे असे. हदीसमध्ये एका अंध सहाबींची गोष्ट येते. अबू दाऊदच्या रिवायतीत ते हेच आहेत. मला मशिदीत घेऊन येईल असा कुणी वाटाड्या नाही, घरी नमाज पढू का, असं त्यांनी विचारलं. आधी परवानगी मिळाली. मग विचारणा झाली: अजान ऐकू येते का? येते, म्हटल्यावर, तर मग या, असं सांगण्यात आलं. या हदीसमधून जमातच्या नमाजाचं महत्त्व सगळेच सांगतात. वाटाड्याची अडचण त्यात सुरुवातीलाच आहे, तिच्यावर बयान झालेलं आम्ही फारसं ऐकलं नाही.

२००८ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टर शहरात हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. अठरा वर्षांचा एक अंध मुस्लिम विद्यार्थी, त्याला वाटाड्या कुत्रा मिळालेला, आणि नमाज मशिदीत पढायची इच्छा. तिथल्या मुस्लिम शरीअत कौन्सिलनं फतवा देऊन कुत्र्याला मशिदीपर्यंत आणायला परवानगी दिली. मशिदीनं प्रवेशाजवळ कुत्र्याला बसायला वेगळी जागा केली. मुलगा आत जमातीत उभा राहायचा, नमाज होईपर्यंत कुत्रा तिथे थांबायचा. सूरह कहफमधल्या तरुणांचा कुत्राही गुहेच्या तोंडाशीच पंजे पसरून बसलेला होता.