टोक कापलेले नव्हे


जुन्या शस्त्रांवरील एका पत्रात 'घोड्याला टोक नाही, म्हणजे रिव्हॉल्व्हरशी कोणीतरी छेडछाड केली' असे ठाम विधान आहे. ते मुळीच पटत नाही. एनफिल्ड क्रमांक २ या रिव्हॉल्व्हरचा १९३८ चा 'मार्क १ स्टार' नमुना कारखान्यातूनच बिनटोकाचा निघे. रणगाड्यातल्या सैनिकाच्या रिव्हॉल्व्हरचे टोक कुठे अडकू नये, हा हेतू. त्यात अंगठ्याने घोडा चढवता येत नाही, नुसता चाप ओढायचा. आधीचे 'मार्क १'ही दुरुस्तीला आले की सरकारी कार्यशाळेत तसेच बदलले जात. म्हणून आधी नमुन्याचा शिक्का आणि त्यापुढचा तारा पाहावा. कानशीचे ओबडधोबड ओरखडे दिसले, तरच शंका घ्यावी. आणि जुन्या वाड्यात असे हत्यार सापडलेच, तर त्याला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे, ही वाचकांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, भूम (जि. धाराशिव)