रविवारी मेसचा टीव्ही बंद!

सुट्टीत इगतपुरीला धम्मगिरीवर १० दिवस विपश्यना केली. पहाटे ४ ला घंटा, ६.३० ला नाश्ता, ११ ला जेवण. संध्याकाळी ५ ला नव्या साधकांना चहा-फळं, जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. बस्स! जेवण साधंच, शाकाहारी. पण बोलायचं नाही, त्यामुळे आमटीची चव आयुष्यात पहिल्यांदा नीट कळली. वाढणारेही जुने साधकच, बिनपगारी. (आपल्या मेसमधल्या वाढप्याचं नाव किती जणांना माहितीये?) पहिले दोन दिवस मेसच्या पातळ डाळीचीसुद्धा आठवण आली, खोटं कशाला बोलू! आपण मात्र त्याच डाळीला शिव्या घालत, टीव्हीकडे बघत अर्धं ताट टाकून उठतो. मौन आपल्याला झेपणार नाही. पण रविवारी टीव्ही बंद ठेवून, पाळीपाळीने आपणच वाढलं तर? पहिली पाळी माझी.