बाजार उघडा आहे, पण जागा कुणाची?

आमच्या अभ्यासिकेतली पोरं रात्री अभ्यास आटोपला की मोबाईलवर एक खेळ खेळतात. राजे, राक्षस, जादू असलेलं काल्पनिक गाव. त्या गावाच्या मधोमध उघडा बाजार. कोणीही यावं, जागा निवडावी, माल मांडावा, भाव आपला आपण सांगावा. ठेकेदार नाही, पावती नाही, आडनाव विचारणारा कोणी नाही. त्यातल्या एकाने परवा विचारलं, "दादा, खरा बाजारही असाच ना? पैशाला जात नसते म्हणतात."

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. 'धंदा करा, जात आपोआप जाईल' असं आपल्याच व्यासपीठांवरूनही हल्ली सांगितलं जातं. म्हणून जरा सविस्तर.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला मे महिन्यात जाऊन पाहा. कातकरी, ठाकूर बाया पाट्यांत करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या दिसतील. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, मग टाकळा, भारंगी, कंटोली. काही बाया तोच माल घेऊन बदलापूर, अंबरनाथच्या स्टेशनाबाहेर येतात. हा बाजार कोणी भरवलेला नाही. दुकान नाही, भांडवल नाही, दलालही नाही. जंगलातून खुडून आणायचं आणि रस्त्यावर मांडायचं. खेळातल्या बाजाराच्या सर्वात जवळ जाणारा खरा बाजार हाच. फरक एवढाच की इथल्या जागेला मालक आहे आणि तो कधीही 'उठ' म्हणू शकतो.

बारवी धरण 1972 च्या सुमारास औद्योगिक विकास महामंडळाने बांधलं, पुढे त्याची उंची वाढवली. या खोऱ्यातली शेतं, पाडे पाण्याखाली गेले. ते पाणी खाली कारखान्यांना आणि शहरांना जातं. पाण्याच्या पाइपाला शहरात शिरताना कोणी अडवत नाही. त्याच खोऱ्यातून आलेल्या बाईची पाटी मात्र 'अतिक्रमण' ठरते. पावसाळ्यात धरण आणि धबधब्यांच्या परिसरात पर्यटकांना बंदीचे आदेश निघतात. माणसं बुडून मरतात, त्यामुळे बंदीला आमचा विरोध नाही. पण त्या आदेशाने कणसं विकणाऱ्या बाईचा हंगाम बुडतो, त्याची नोंद कोणत्या कागदावर होते?

आता पैशाला जात नसते, या म्हणण्याकडे येऊ. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी 1918 च्या सुमारास मुंबईत शेअर व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटलं आणि तो बंद पडला. मुंबईसारख्या शहरात, तेही शेअरच्या धंद्यात! अस्पृश्याकडून कोणी विकत घेत नाही म्हणून व्यापाराची वाट त्याला बंद असते, हे बाबासाहेबांनी पुढे स्पष्ट लिहिलं. ते स्वतः सदस्य असलेल्या स्टार्ट समितीने 1930 च्या अहवालात सामाजिक बहिष्काराची रीत नोंदवली आहे. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गावच्या वाण्याला सांगितलं जायचं, यांना काही विकू नकोस. म्हणजे विकायची बंदी आणि विकत घ्यायचीही.

पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आमच्या आजी सांगायच्या, गावातला वाणी पैसे वरून टाकायला लावायचा, आठवडी बाजारात मात्र गर्दीत कोण कुणाचा हे पटकन कळत नसे. तेल, मीठ, मिरची तिथून आणायची. आठवडी बाजार एका गावाच्या मुठीत मावत नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणून उघड्या बाजाराला कमी लेखणं आम्हाला मान्य नाही. तो हवाच. प्रश्न तो कुणाच्या ताब्यात असावा एवढाच आहे.

इथे उल्हासनगरचं उदाहरण घ्या. फाळणीत सगळं गमावून आलेले सिंधी निर्वासित कल्याण कॅम्पात उतरले, 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकीच्या दारात, रस्त्याच्या कडेला विकत त्यांनी बाजारपेठ उभी केली. त्यांच्या कष्टाबद्दल आदरच आहे. पण त्या कष्टाला पाय रोवायला सरकारने जमीन दिली होती. बारवीच्या पाण्याने विस्थापित झालेल्या बाईला बाजारात चार फूट जागा द्यायची तर नियम आठवतात!

नियमच काढायचे तर पथविक्रेता कायदा 2014 काढा. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला उठवता येत नाही, असं कलम 3 म्हणतं. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व. 50 वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार घोषित करायची तरतूदही त्यात आहे. रेल्वे स्थानकापासून 150 मीटरच्या आत विक्री नको, असा मुंबई उच्च न्यायालयाचा 2017 चा निर्णय आहे, तो सगळ्या अधिकाऱ्यांना तोंडपाठ. तिथून उठवायचं तर बसवायचं कुठे, हे ठरवताना ज्या समितीचं मत घ्यायचं, तिच्याबद्दल विचारलं की गप्प. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांसाठी 1996 चा पेसा कायदा आहे. गावबाजाराचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार तो ग्रामसभा आणि पंचायतीकडे सोपवायला सांगतो. मुरबाड तालुक्याचा काही भाग त्यात येतो. तिथल्या किती ग्रामसभांत बाजाराचा विषय निघतो? वसुलीचा लिलाव तेवढा दरवर्षी होतो.

आपणही इथे कमी पडलो, हे मान्य करू. जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग आपण पोलिसांशी भांडून मिळवतो. समितीच्या निवडणुकीसाठी कधी भांडलो? कातकरी बाईचा प्रश्न 'आदिवासी संघटनांचा' म्हणून बाजूला ठेवला आणि चौकातल्या आपल्याच मावशीची भाजीची गाडी उचलून नेली तेव्हा दंड भरून सोडवून आणली. दंडाची पावती तरी नीट वाचली का, कोणत्या कलमाखाली होती?

माहिती अधिकाराच्या एका अर्जात तीन प्रश्न मावतात. सर्वेक्षण कधी झालं? समितीची निवडणूक कधी झाली? समितीत अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रिया किती? खेळाबद्दल विचारणाऱ्या त्या पोराला आम्ही बदलापूरचा अर्ज लिहायला बसवलं आहे. अंबरनाथचा आणि उल्हासनगरचा कोण लिहिणार, ते या रविवारी अभ्यासिकेत येऊन सांगा.